'शॅल' म्हणजे देणं : एका इंग्रजी क्रियापदाची गोष्ट आणि आपली गटार

मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर कागद घेऊन घरी आले. घरासमोरची गटार तुंबल्याची तक्रार त्यांनी नगरपालिकेत दिली होती, त्याचं उत्तर आलं होतं. उत्तर एका ओळीचं : 'आपल्या अर्जाच्या अनुषंगाने योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' मास्तर म्हणाले, "तू पेपरवाला ना, मग सांग. हे 'येईल' म्हणजे कधी? आणि करणार कोण? कर्ताच नाहीये वाक्यात."

मी म्हणालो, "मास्तर, भविष्यकाळ आहे."

ते म्हणाले, "ते मी चौतीस वर्षं शिकवलंय. मला सांग, हे वचन आहे का अंदाज?"

त्या प्रश्नाने डोक्यात घर केलं. उत्तर शोधत गेलो तर गाडी थेट इंग्रजीतल्या एका छोट्या क्रियापदापाशी जाऊन थांबली. ते क्रियापद म्हणजे 'शॅल'. आपण शाळेत 'आय शॅल गो, यू विल गो' असं घोकून सोडून दिलेलं. पण गटारीपासून शाळेपर्यंत, पोलीस ठाण्यापासून निवडणुकीपर्यंत आपलं बरंचसं आयुष्य या एका शब्दावर टांगलेलं आहे. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी मूळ

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'शॅल' चा अर्थ भविष्यकाळ नव्हताच. अर्थ होता 'देणं लागतो'. त्या काळच्या इंग्रजी बायबलात एक गोष्ट आहे. कारभारी मालकाच्या कुळांना बोलावून विचारतो, माझ्या धन्याचं तू किती देणं आहेस? तिथे 'देणं आहेस' साठी वापरलेलं क्रियापद म्हणजे आजच्या 'शॅल'चंच जुनं रूप. जर्मन भाषेत याच कुळातला 'शुल्ड' हा शब्द अजून जिवंत आहे. त्याचे अर्थ दोन, कर्ज आणि अपराध.

आपल्याला हे समजायला अवघड नाही, कारण मराठीनेही नेमकं हेच केलंय. 'मी त्याचे पाचशे रुपये देणं लागतो' यातलं 'लागतो' आणि 'मला जावं लागतं' यातलं 'लागतं', क्रियापद एकच. उधारी आणि सक्ती आपल्या भाषेतही एकाच घरात राहतात.

'विल' चं मूळ वेगळं. त्याचा मूळ अर्थ इच्छा असणं. म्हणजे मला वाटतंय म्हणून जे करीन ते 'विल', आणि देणं आहे म्हणून जे करावं लागेल ते 'शॅल'. पुढे दोन्ही शब्द घासले गेले आणि नुसता भविष्यकाळ दाखवायला वापरात आले.

तिसरा भाऊ 'मे'. याचा मूळ अर्थ बळ असणं, शक्य असणं. 'माईट' म्हणजे ताकद, तो याच घरातला. थोडक्यात काय, 'शॅल' हे देणेकऱ्याचं क्रियापद आणि 'मे' हे बलवंताचं. कायद्याच्या पुस्तकात हे दोघे शेजारी शेजारी बसतात. एखाद्या कलमात कोण बसलाय त्यावर आपलं नशीब ठरतं.

व्याकरणवाल्यांचा घोळ

१६५३ मध्ये जॉन वॉलिस नावाच्या इंग्रज गणितज्ञाने लॅटिन भाषेत इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. अनंतासाठी आपण आडवा आठ काढतो ना, ते चिन्ह रूढ करणारा हाच माणूस. त्याने नियम मांडला की 'मी' आणि 'आम्ही' बरोबर 'शॅल' आलं तर तो साधा भविष्यकाळ, आणि 'तू', 'तो' बरोबर 'शॅल' आलं तर आज्ञा किंवा वचन. 'विल' चं बरोबर उलटं. हाच नियम पुढे शाळांमधून फिरत फिरत आपल्या वर्गात पोचला आणि आपल्यातल्या अनेकांनी त्यापायी छड्या खाल्ल्या.

यावर एक जुना विनोद सांगतात. एक परदेशी माणूस इंग्लंडमध्ये नदीत पडला आणि ओरडला, 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!' नियमाने अर्थ झाला, 'मी बुडणारच, खबरदार कुणी वाचवाल तर!' काठावरचे सभ्य इंग्रज त्याच्या इच्छेचा मान राखून निघून गेले.

गंमत सोडा, पण या नियमातला एक भाग कायद्याने उचलला. तिसऱ्या माणसाबद्दल 'शॅल' म्हटलं की ती आज्ञा. 'परिषद शॅल करील', 'अधिकारी शॅल देईल'. यात भविष्य सांगितलेलं नसतं, हुकूम सोडलेला असतो.

बिशपांचा खटला

मग 'शॅल' दिसलं की सक्ती, विषय संपला? तसं असतं तर वकिलांची पोटं कशी भरली असती!

१८८० मध्ये इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्ससमोर एक खटला आला, ज्युलियस विरुद्ध ऑक्सफर्डचे बिशप. एका धर्मगुरूच्या पूजाविधीबद्दल ज्युलियस यांची तक्रार होती. १८४० च्या कायद्यात लिहिलं होतं की अशा तक्रारीवर चौकशी नेमणं बिशपला 'शॅल बी लॉफुल', म्हणजे कायदेशीर राहील. बिशपांनी चौकशी नेमायला नकार दिला. प्रश्न आला, हे कर्तव्य आहे की नुसता अधिकार? लॉर्ड्सनी सांगितलं, या शब्दांनी फक्त अधिकार मिळतो. पण सोबत हेही सांगितलं की एखादा अधिकार ज्यांचा हक्क आहे अशा लोकांच्या भल्यासाठी दिलेला असेल, तर तो वापरणं कर्तव्य होऊ शकतं. बिशप जिंकले. पण दार थोडं किलकिलं राहिलं, आणि आपल्याकडचे वकील आजही कोर्टात त्या दारातून आत जातात.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये उलट्या बाजूने निकाल दिला. उत्तर प्रदेशातल्या मनबोधन लाल श्रीवास्तव यांच्या प्रकरणात मुद्दा होता की सरकारी नोकरावर शिस्तभंगाची कारवाई करताना लोकसेवा आयोगाचा सल्ला घेतला जाईल, असं घटनेच्या कलम ३२० मध्ये लिहिलंय. शब्द स्वच्छ 'शॅल'. कोर्ट म्हणालं, हे बंधनकारक नाही, मार्गदर्शक आहे, सल्ला घेतला नाही म्हणून कारवाई रद्द होत नाही. तेव्हापासून तत्त्व पक्कं झालं : नुसतं क्रियापद बघू नका, कायद्याचा हेतू बघा, न पाळल्याचा परिणाम काय लिहिलाय ते बघा.

घटनेतली देणी

आता आपल्या राज्यघटनेकडे या. तिच्या मराठी अनुवादात 'शॅल' चं झालंय 'करील', 'असेल', 'नाकारणार नाही'. वाचायला सुरेख. पण मराठी कानाला 'करील' हे मास्तरांच्या 'येईल' सारखंच वाटतं. सक्तीचा वास त्यातून उडून जातो. आणि कलम ३४८ प्रमाणे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयात कायद्याचा इंग्रजी मजकूरच अधिकृत. राज्याने मराठीत कायदा केला तरी राजपत्रात छापलेला त्याचा इंग्रजी अनुवाद अधिकृत मानला जातो. म्हणजे 'करील' चा खरा अर्थ कळायला गावातल्या माणसाला शेवटी 'शॅल' पाशीच जावं लागतं. हे मला खटकतं, पण आहे हे असं आहे.

घटनेत 'शॅल' ची वजनंही वेगवेगळी आहेत. कलम ३८ मध्ये राज्य लोककल्याणासाठी 'शॅल स्ट्राइव्ह', म्हणजे झटेल, असं आहे. हा 'झटेल' काढून टाका अशी सूचना नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत आली होती. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मानली नाही. त्यांचं म्हणणं असं की हा शब्द मुद्दाम घातलाय. परिस्थिती कितीही बिकट असली तरी सरकारला झटत राहावंच लागेल, अडचणीचं कारण सांगून हात वर करता येणार नाहीत, हा त्यामागचा अर्थ.

शिक्षणाचं बघा. आपल्या महाराष्ट्राच्या मातीतली गोष्ट आहे ही. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. ते अगदी सौम्य होतं. स्थानिक संस्थांना वाटलं तर, आणि सरकारने परवानगी दिली तर, त्यांना आपल्या भागात शिक्षण सक्तीचं करता येईल. म्हणजे गोखले इंग्रजांकडे 'शॅल' सुद्धा मागत नव्हते, नुसतं 'मे' मागत होते. १९१२ मध्ये तेही फेटाळलं गेलं. पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. महाराजांना कुणाच्या 'मे' ची गरज वाटली नाही.

स्वातंत्र्यानंतर कलम ४५ आलं : दहा वर्षांच्या आत १४ वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा राज्य 'शॅल एंडेव्हर', प्रयत्न करील. मुदत घातलेलं हे मार्गदर्शक तत्त्व. मुदत संपली जानेवारी १९६० मध्ये. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती होऊन कलम २१-अ आलं आणि त्यात 'प्रयत्न करील' जाऊन 'शॅल प्रोव्हाइड', म्हणजे देईलच, असं झालं. प्रत्यक्ष कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. एक क्रियापद काढायला पन्नास वर्षं लागली. त्या पन्नास वर्षांत शेळ्यांमागे गेलेली, वीटभट्टीवर वाढलेली पोरं आज तुमच्या-माझ्या गावात म्हातारी झालीत. अंगठा उठवताना बघतो आपण त्यांना.

राष्ट्रपतींचंही तसंच. मूळ घटनेत एवढंच होतं की राष्ट्रपतींना साहाय्य आणि सल्ला द्यायला मंत्रिमंडळ असेल. तो सल्ला राष्ट्रपतींनी मानलाच पाहिजे असं शब्दांत नव्हतं. आणीबाणीत, १९७६ मध्ये, ४२ व्या दुरुस्तीने तिथे 'शॅल' घातला. १९७८ मध्ये ४४ व्या दुरुस्तीने एक 'मे' घातला : राष्ट्रपती एकदा फेरविचार करायला सांगू शकतात, पण त्यानंतर आलेला सल्ला मात्र 'शॅल'. देशाच्या सर्वोच्च पदाची ताकद किती, हे या दोन छोट्या शब्दांनी ठरवलंय.

ठाण्यातला 'शॅल'

आता जरा खाली, आपल्या पातळीवर उतरू. काही वर्षांपूर्वी बाजारात माझा मोबाईल मारला. ठाण्यात गेलो. समोरचे हवालदार प्रेमाने म्हणाले, "साहेब, चोरीला गेला म्हणू नका, गहाळ झाला म्हणा. लगेच कागद देतो." मला सिमकार्डाची घाई. पत्रकार असूनही मी मुकाट्याने 'गहाळ' वर सही केली. तुमच्यापैकी किती जणांनी केली असेल, हात वर करा.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की ती लिहून घेतली जाईल असं होतं, आणि शब्द होता 'शॅल'. १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिताकुमारी खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने याच शब्दावर खल केला आणि सांगितलं की इथला 'शॅल' म्हणजे सक्ती. माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवावाच लागेल. कौटुंबिक वाद, व्यापारी व्यवहार अशा मोजक्या प्रकारांतच आधी प्राथमिक चौकशीला वाव ठेवला.

१ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. १५४ चं झालं १७३. 'शॅल' तसाच राहिला, पण शेजारी एक नवा 'मे' येऊन बसला. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत आधी प्राथमिक चौकशी करता येऊ शकते. खोट्या तक्रारींना आळा बसेल म्हणून हे चांगलं, असं काही जण म्हणतात. गरिबाचा एफआयआर त्या १४ दिवसांत तडजोडीत विरून जाईल, असं काही जण म्हणतात. मला दुसऱ्यांची भीती जास्त खरी वाटते. तुमचं मत वेगळं असू शकतं.

निवडणूक 'शॅल', अधिकार 'मे'

आता मुद्द्याचं. १९९३ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली. नगरपालिकांसाठी कलम २४३-यू मध्ये लिहिलं गेलं की मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपायच्या आत निवडणूक पूर्ण केली जाईल. शब्द 'शॅल'. २००६ मध्ये अहमदाबादच्या किशनसिंग तोमर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे बंधनकारक असल्याचं बजावलं.

आणि आपल्याकडे काय झालं? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. राज्यातल्या कितीतरी नगरपालिकांचं तेच. कारणं होती. ओबीसी आरक्षणाबद्दलचा मार्च २०२१ चा निकाल होता. प्रभागरचना एका सरकारने बदलली, दुसऱ्याने पुन्हा फिरवली. वर कोर्टाचा 'जैसे थे' आदेश. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगितलं, तीही मुदत पुढे वाढली. यात कुठल्या एका पक्षाला दोष देऊन मोकळं होता येत नाही. त्या काळात दोन्ही बाजूंची सरकारं होऊन गेली आणि घाई कुणालाच दिसली नाही. घटनेतला 'शॅल' ताटकळत दारात उभा होता.

पण याहून खोल दुखणं दुसरंच आहे. त्याच घटनादुरुस्तीत पंचायतींना अधिकार देणारं कलम २४३-जी आणि नगरपालिकांना अधिकार देणारं २४३-डब्ल्यू उघडून बघा. विधानमंडळ कायद्याने अधिकार देऊ शकेल, असं तिथे लिहिलंय. क्रियापद 'मे'. ग्रामसभेच्या अधिकारांचंही तेच. म्हणजे निवडणूक घेणं हे देणं, पण निवडून आलेल्यांच्या हातात काही देणं ही राज्याची मर्जी. सरपंच आपण निवडायचा सक्तीने, आणि त्याने निधीसाठी मुंबईच्या चकरा मारायच्या खुशीने. तीस वर्षांच्या या कहाणीचं मर्म त्या दोन क्रियापदांत आहे.

जग काय करतंय?

'शॅल' चा हा घोळ ओळखून अनेकांनी त्याला निरोप दिलाय. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या राज्यघटनेत त्याऐवजी 'मस्ट' आहे, म्हणजे 'केलंच पाहिजे'. अमेरिकेने २००७ मध्ये आपले केंद्रीय दिवाणी नियम नव्याने लिहिताना 'शॅल' वगळला. ब्रिटनमध्ये संसदेचे मसुदे लिहिणारेही आता तो टाळतात. आपण मात्र २०२३ मध्ये नवे फौजदारी कायदे केले तेव्हाही तोच ठेवला. मराठीत तर सोपं आहे. 'करील' ऐवजी 'केलेच पाहिजे' लिहा, सामान्य माणसाला आपला हक्क लगेच दिसेल.

मास्तरांचं उत्तर

मास्तरांना मी परत भेटलो ते हा सगळा पसारा घेऊन. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात दोन याद्या आहेत. कलम ६१ मध्ये सक्तीची कामं, कलम ६३ मध्ये ऐच्छिक. गटारी पहिल्या यादीत. आपल्या नगरपालिकांच्या १९६५ च्या कायद्यातही कलम ४९ मध्ये अशीच विभागणी आहे, आणि सांडपाण्याची सोय, साफसफाई हे सक्तीच्या कर्तव्यांत आहे. म्हणजे कायद्यात 'शॅल' होता, पत्रात त्याचा 'येईल' झाला.

मास्तर म्हणाले, "अरे, मग हे देणंच झालं की. आणि देणं म्हटलं की किराणा दुकानदार वहीत काय लिहितो? कुणाकडे, कुणाचं, किती आणि कधीपर्यंत."

मला वाटतं कुठलाही सरकारी कागद वाचायची याहून चांगली रीत नाही. कर्ता कोण आहे बघा. 'करण्यात येईल' असेल तर विचारा, कोण करणार? मुदत आहे का बघा. न केल्यास काय, ते बघा. माहिती अधिकार कायदा टिकला तो यामुळेच. त्यात माहिती अधिकारी कोण ते ठरलेलं, मुदत ३० दिवस ठरलेली, आणि विनाकारण उशीर केला तर रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड. तिथला 'शॅल' त्यामुळे चावतो. बाकी ठिकाणचा दात पडलेला आहे.

मास्तरांनी दुसरा अर्ज दिला. त्यात कलम ४९ लिहिलं आणि तीन ओळीत तीन प्रश्न विचारले : काम कोणत्या अधिकाऱ्याकडे, किती तारखेपर्यंत, आणि न झाल्यास वर कुणाकडे दाद मागायची. बाराव्या दिवशी दोन माणसं फावडी घेऊन आली. गटार वाहती झाली. यंदाच्या पावसात पुन्हा तुंबली, हेही खरं आहे. मास्तरांचा तिसरा अर्ज तयार आहे.

तुमच्याकडेही असा 'करण्यात येईल' वाला कागद पडला असेल. नाव-पत्ता झाकून फोटो खाली टाका. कर्ता, मुदत आणि कलम आपण मिळून शोधू. देणं आहे ते मागायला लाज कसली?